इयन बिशपची कारकीर्द आणि सोळाव्या वर्षी दुखावलेली पाठ

प्रश्न – कर्वेनगरकर

नमस्कार. माझा मुलगा सोळा वर्षांचा असून उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. जानेवारीपासून त्याची कंबर डाव्या बाजूला दुखत होती. आजीने उसण भरली असेल म्हणून तेल लावून शेक दिला, चार दिवस बरे वाटले, पुन्हा मैदानावर गेला की पुन्हा दुखायचे. ज्या शिबिरात तो जात होता तेथील प्रशिक्षकांनी, वेगवान गोलंदाजाची पाठ दुखतेच, अंग मोडून काम करायची सवय लागली पाहिजे, असे सांगून त्याच्याकडून नेटमध्ये रोज तासभर गोलंदाजी करून घेतली. मीही त्यावर विश्वास ठेवला, हे कबूल केले पाहिजे. शेवटी तो बुटाची नाडी बांधायला वाकला आणि तसाच जिन्यावर बसून राहिला, तेव्हा आम्ही एमआरआय काढला. कण्याच्या पाचव्या कटिमणक्यात डाव्या बाजूला स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला तडा, निघाले. किमान चार महिने चेंडू हातात धरायचा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले आहे.

मुलगा गप्प झाला आहे. क्लबातील एका ज्येष्ठ सभासदांनी त्याला धीर देण्यासाठी वेस्ट इंडीजच्या इयन बिशपचे उदाहरण दिले, की त्याची पाठ दोनदा मोडली आणि दोन्ही वेळा तो परत आला. त्याच संध्याकाळी दुसऱ्या एका गृहस्थांनी नेमके तेच उदाहरण उलट्या बाजूने दिले, की पाठीमुळे बिशप संपला, नाहीतर तो वेस्ट इंडीजच्याच थोर वेगवान गोलंदाजाच्या, माल्कम मार्शलच्या, पंक्तीला बसला असता. एकाच माणसाची कारकीर्द दोघांनी दोन प्रकारे सांगितल्यामुळे माझा आणि मुलाचाही गोंधळ उडाला आहे. आम्हाला बिशप माहीत आहे तो समालोचक म्हणून. २०१६ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात कार्लोस ब्रेथवेटने कोलकात्यात लागोपाठ चार षटकार मारले तेव्हाचा त्याचा आवाज मुलाला पाठ आहे, पण तो स्वतः कसा गोलंदाज होता याची आम्हाला फारशी कल्पना नाही.

तेव्हा विचारायचे ते असे, की दुखापतीआधी तो काय होता, परत आल्यावर त्याच्याकडे काय उरले आणि गोलंदाजीची शैली बदलावी लागली ती कशा प्रकारे. नुसता धीर देणारी उत्तरे नकोत. मुलगा ती ओळखतो.

---

प्रतिसाद – जुना प्रेक्षक, नारायण पेठ

कर्वेनगरकर साहेब, मी डॉक्टर नाही आणि प्रशिक्षकही नाही, पन्नास वर्षे क्रिकेट पाहणारा माणूस आहे, त्यामुळे वैद्यकीय बाजू जाणकारांवर सोडतो आणि मला बिशप जसा आठवतो तसा सांगतो.

बिशप त्रिनिदादचा. जन्म १९६७ चा, उंची साडेसहा फुटांच्या जवळपास. कसोटी पदार्पण मार्च १९८९ मध्ये, आणि तेही आपल्याच संघाविरुद्ध. दिलीप वेंगसरकरच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ तिकडे गेला होता. मार्शल, ॲम्ब्रोज आणि वॉल्श संघात असताना चौथा वेगवान गोलंदाज म्हणून एकवीस वर्षांच्या मुलाला जागा मिळते, यातच काय ते आले. दुसरी कसोटी ब्रिजटाउनला झाली. पहिल्या डावात संजय मांजरेकरने १०८ धावा केल्या, त्या खेळीचे कौतुक आपल्याकडे अजून होते आणि ते योग्यही आहे, परंतु त्याच डावात समोरून बिशपने ८७ धावांत ६ बळी घेतले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात धावफलक वाचताना, मार्शलला सोडून हा कोण नवा, असे आम्ही वाड्याच्या ओट्यावर बसून एकमेकांना विचारले होते.

त्याच्याकडे वेग होताच, पण वेग त्या संघात सगळ्यांकडेच होता. बिशपचे वेगळेपण असे, की तेवढ्या उंचीवरून आणि तेवढ्या वेगाने येणारा चेंडू तो उशिरा बाहेर, म्हणजे फलंदाजापासून दूर, काढत असे. उंच गोलंदाज बहुधा चेंडू आपटून उसळी घेतात. चेंडू हवेत वळवणे हे मार्शलसारख्या बेताच्या उंचीच्या गोलंदाजांचे काम समजले जाई. बिशपकडे दोन्ही होते आणि म्हणूनच त्याचे नाव मार्शलच्या वारसदारांत घेतले जाऊ लागले.

मग १९९१ मध्ये पाठीत स्ट्रेस फ्रॅक्चर झाले आणि त्या वर्षीचा इंग्लंड दौरा हुकला. १९९२-९३ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर तो परतला. त्या मालिकेतील शेवटची कसोटी पर्थला झाली. पहिल्या डावात ॲम्ब्रोजने एका धावेत सात बळी घेतले, तो स्पेल, म्हणजे सलग टाकलेली षटके, सगळ्या जगाला ठाऊक आहे, परंतु दुसऱ्या डावात ४० धावांत ६ बळी घेऊन सामना आणि मालिका संपवणारा बिशप होता. त्याच्या नशिबात बहुधा हेच लिहिलेले असावे, की मोठे काम करावे आणि त्या दिवशी शेजारी कोणीतरी त्याहून मोठे करून बसलेला असावा. त्याच वर्षी पाठीने पुन्हा दगा दिला आणि तो दोन वर्षे कसोटी क्रिकेटबाहेर राहिला. १९९५ मध्ये परतला, १९९८ मध्ये शेवटची कसोटी खेळला. एकूण ४३ कसोट्या, १६१ बळी, सरासरी २४.२७.

माझ्या मते हिशेब सरळ आहे. पहिल्या २१ कसोट्यांत त्याने शंभर बळी पूर्ण केले आणि नंतरच्या २२ कसोट्यांत साठीच्या आसपास. पाठ दुखावली नसती तर तो तीनशेच्या पुढे गेला असता, असे माझ्या पिढीतील अनेकांना वाटते.

मी त्याला प्रत्यक्ष पाहिले ते एकदाच, आपल्या नेहरू स्टेडियमवर, २९ फेब्रुवारी १९९६ रोजी. विश्वचषकातला केनियाविरुद्धचा सामना. स्वारगेटहून चालत गेलो होतो, डोक्यावर वर्तमानपत्राची टोपी, खिशात शेंगदाण्याची पुडी आणि बसायला तापलेल्या पायऱ्या. ॲम्ब्रोज, वॉल्श आणि बिशप एकाच दिवशी पाहायला मिळणार म्हणून गेलो, केनिया हे केवळ निमित्त होते. तिघांनीही चेंडू टाकले, केनिया १६६ वर आटोपला आणि आमच्या पुढच्या रांगेतील मंडळी लवकर घरी जायच्या गोष्टी करू लागली. त्यानंतर वेस्ट इंडीजचा संपूर्ण संघ ९३ धावांत बाद झाला. लाराचा झेल केनियाच्या स्थूल यष्टिरक्षकाच्या हातात बसला, तेव्हा मैदानात जो आवाज झाला तो सिंहगड रोडपर्यंत गेला असेल. पुणेकर केनियासाठी ओरडत होते आणि मी एकटा हळहळत होतो, कारण मी आलो होतो वेस्ट इंडीजची गोलंदाजी पाहायला आणि लक्षात राहिली ती त्यांची फलंदाजी.

त्या दिवशीचा बिशप चांगला गोलंदाज होता. पण एखाद्या चांगल्या गायकाचा आवाज बसल्यानंतर तो जपून गातो, तसा वाटला. हे माझे मत आहे, पुरावा नाही.

---

प्रतिसाद – आकडेमोड्या

काकांचा प्रतिसाद अतिशय सुंदर आहे, परंतु त्यांनी रेघ चुकीच्या जागी ओढली आहे आणि या चर्चेत नेमकी तीच रेघ महत्त्वाची असल्यामुळे दुरुस्ती करतो.

पहिल्या २१ कसोट्या म्हणजे दुखापतीआधीच्या आणि नंतरच्या २२ म्हणजे दुखापतीनंतरच्या, असा समज त्यातून होतो. वस्तुस्थिती तशी नाही. दोन दुखापतींमुळे १९८९ ते १९९३ या काळात त्याच्या वाट्याला वीसही कसोट्या आल्या नव्हत्या. एकविसावी कसोटी, म्हणजे ज्या कसोटीत त्याने शंभरावा बळी घेतला ती, १९९५ च्या इंग्लंड दौऱ्यातली आहे. दोन स्ट्रेस फ्रॅक्चर आणि दोन वर्षांचा खंड यांच्या पलीकडची. त्या दौऱ्यातील हेडिंग्ले येथील पहिल्याच कसोटीत त्याने ३२ धावांत ५ बळी घेतले होते आणि सहा कसोट्यांच्या मालिकेत एकूण २७. ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंडचा फलंदाज रॉबिन स्मिथ याच्या गालाचे हाड ज्या चेंडूने मोडले तो चेंडूही याच ‘जपून गाणाऱ्या’ गोलंदाजाचा होता. तेव्हा वेग पूर्ण गेला होता असे कोणी म्हणू नये.

आणखी एक. मार्च १९९७ मध्ये त्याच ब्रिजटाउनला भारतासमोर विजयासाठी १२० धावांचे लक्ष्य होते आणि सचिन तेंडुलकरच्या नेतृत्वाखालील आपला संघ ८१ धावांत गुंडाळला गेला. त्यात बिशपचे चार बळी होते. मी तेव्हा शाळेत होतो आणि त्या रात्री घरातला टीव्ही वडिलांनी न बोलता बंद केला होता, म्हणून ही तारीख विसरता येत नाही.

घसरण झाली हे खरे आहे, पण ती पाठ मोडल्याच्या दिवशी झाली नाही. परत आल्यावर वर्ष-दीड वर्ष त्याने उत्तम गोलंदाजी केली आणि मग सामन्यागणिक बळी कमी होत गेले. कर्वेनगरकरांच्या दोन्ही परिचितांनी अर्धा अर्धा बिशप सांगितला आहे.

---

प्रतिसाद – क्रीडा-फिजिओ, पुणे

आकडेमोड्या यांच्या दुरुस्तीबद्दल आभार, कारण माझे म्हणणे त्यावरच उभे आहे. मी गेली बारा वर्षे शहरातील खेळाडू मुलांवर उपचार करते आणि दर उन्हाळी सुट्टीनंतर आपल्या मुलासारखी तीन-चार मुले माझ्याकडे येतात. शिबिरे एप्रिल-मेमध्ये असतात, पाठी जूनमध्ये दुखतात.

प्रथम दुखण्याविषयी. उजव्या हाताच्या गोलंदाजाला हे फ्रॅक्चर बहुधा डाव्या बाजूलाच आणि बहुधा चौथ्या किंवा पाचव्या कटिमणक्यालाच होते, म्हणजे आपल्या मुलाच्या बाबतीत जे घडले ते अगदी पुस्तकी आहे. चेंडू सोडताना पुढचा डावा पाय जमिनीवर आपटतो, त्या क्षणी शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट आणि कधी त्याहूनही अधिक भार पायातून वर येतो, आणि नेमक्या त्याच क्षणी कंबर मागे वाकलेली, एका बाजूला कललेली आणि पिळलेली असते. मणक्याच्या मागच्या बाजूला हाडाचा एक अरुंद पूल असतो, त्यावर हा सगळा भार येतो. हाडाला सूक्ष्म तडे जातात आणि विश्रांती मिळाली तर ते भरूनही येतात. चेंडूंची संख्या भरून येण्याच्या वेगापेक्षा वाढली, की तडे जिंकतात. सोळाव्या वर्षी हाड अद्याप पुरते पक्के झालेले नसते, म्हणून या वयात धोका सर्वाधिक असतो. सुरुवातीच्या काळात हे साध्या क्ष-किरण चित्रात पुष्कळदा दिसत नाही, त्यामुळे आपण एमआरआय काढलात ते योग्यच झाले.

पाठ दुखतेच, असे सांगणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो येथे लपवत नाही. वाढत्या वयातील वेगवान गोलंदाजाची कंबर एका बाजूला दोन आठवड्यांहून अधिक काळ दुखली आणि एका पायावर उभे राहून मागे वाकताना कळ आली, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत ते स्ट्रेस फ्रॅक्चरच समजावे. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने अनेक वर्षे १६ आणि १७ वर्षांच्या मुलांसाठी एका स्पेलमध्ये सात आणि दिवसभरात अठरा षटके, अशी मर्यादा घालून दिली होती आणि सरावासाठीही वेगळी मर्यादा होती. आपल्याकडे सामन्यातील षटके निदान वहीत नोंदली जातात, नेटमधील चेंडू कोणीच मोजत नाही. तासभर गोलंदाजी म्हणजे सहज शंभर चेंडू, आणि तेही बहुतेक ठिकाणी सिमेंटवर अंथरलेल्या हिरव्या गालिच्यावर, जेथे पुढचा पाय आपटल्यावर जमीन तसूभरही देत नाही.

आता चार महिन्यांविषयी. गोलंदाजी बंद याचा अर्थ अंथरुणावर पडणे असा नव्हे. डॉक्टरांच्या संमतीने पोट, पाठ आणि नितंबांचे स्नायू बळकट करण्याचे व्यायाम लवकर सुरू होतात, मग चालणे, मग धावणे. दुखणे थांबले की हाड जुळले असे मुलांना आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या पालकांना वाटते. तसे नसते. दुखणे बहुधा पहिल्या दीड-दोन महिन्यांत थांबते आणि खरा धोका तेव्हाच सुरू होतो. परत सुरुवात करताना एक दिवसाआड, कमी वेगाने, मोजून चेंडू टाकायचे आणि आठवड्यागणिक थोडे थोडे वाढवायचे. पूर्ण जोर लावेपर्यंत सहा महिने किंवा अधिकही लागू शकतात.

बिशपच्या उदाहरणात मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याला ही दुखापत झाली तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा होता आणि जगातील सर्वांत कठीण क्रिकेट वर्षभर खेळत होता, कारण वेस्ट इंडीजचा हंगाम संपला की इंग्लंडमध्ये डर्बिशायर या कौंटी संघाचा सुरू होई. आपला मुलगा सोळाव्या वर्षी, हाड अजून पक्के होत असताना, निदान होऊन थांबला आहे. वेळेत थांबलेल्या मुलांचे हाड पुष्कळदा पूर्ण जुळून येते. ही तुलना म्हणूनच थोडी जपून करावी.

---

प्रतिसाद – मैदानावरचा मास्तर

मी डेक्कन परिसरातील एका क्लबात मुलांना गोलंदाजी शिकवतो. शैलीच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले नाही, म्हणून लिहितो.

गोलंदाज चेंडू टाकताना एक तर फलंदाजाकडे खांदा करून टाकतो किंवा छाती करून टाकतो. दोन्ही पद्धती चालतात आणि दोन्ही पद्धतींचे थोर गोलंदाज होऊन गेले आहेत. घोटाळा होतो तो मिश्र शैलीत, जेव्हा कंबर फलंदाजाकडे उघडी असते आणि खांदे मात्र मागून वळून बाजूला जातात. ओला टॉवेल पिळताना दोन हात उलट दिशांना फिरतात, तशी मधली पाठ पिळली जाते. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज डेनिस लिली याची पाठ १९७३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात मोडली होती, तो तब्येत आणि शैली यांवर दीड वर्ष काम करून १९७४-७५ मध्ये परतला आणि त्यानंतर १९८४ पर्यंत कसोटी क्रिकेट खेळला. पुढे मद्रासला एमआरएफच्या वेगवान गोलंदाजी प्रबोधिनीत आपल्या मुलांना शिकवताना त्याने शैलीच्या याच दुरुस्तीवर भर दिला.

बिशपनेही शैली बदलली, पूर्वीपेक्षा छाती अधिक उघडी ठेवली. त्यामुळे पाठीवरचा पीळ कमी झाला, परंतु पूर्वी हुकमी असलेला उशिरा बाहेर जाणारा चेंडू पूर्वीसारखा राहिला नाही. मनगट आणि खांदा ज्या कोनातून येतात त्यावर तो चेंडू अवलंबून असतो, आणि कोन बदलला की हातचे अस्त्र जाते. नारायण पेठेतील काकांना नेहरू स्टेडियमवर जे जाणवले ते भ्रम नव्हते. वेग, उंची आणि टप्पा यांवर त्याने आणखी दोन डझन कसोट्या काढल्या, आणि मला विचाराल तर हे मला पर्थच्या सहा बळींहून अधिक अवघड वाटते. जे सहज येत होते ते गेल्यावर उरलेल्यावर कसोटी क्रिकेट खेळणे, आणि तेही स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी रोज तुलना होत असताना, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

कर्वेनगरकर, घाईने शैली बदलू नका. चार महिन्यांनी त्याचे चित्रीकरण मागून आणि बाजूने करा, पुढचा पाय टेकण्याच्या क्षणी चित्र थांबवा आणि कंबर व खांदे एकाच रेषेत आहेत का ते पाहा. असतील तर शैलीला हात लावू नका, दोष चेंडूंच्या संख्येचा आहे. नसतील तर पीळ तेवढा काढायचा, बाकी मुलाचे जे स्वतःचे आहे ते तसेच राहू द्यायचे. फिजिओताईंनी सिमेंटबद्दल लिहिले ते शंभर टक्के खरे आहे, पण पुण्यात जून ते सप्टेंबर मातीची खेळपट्टी झाकलेली असते आणि मुलांना सराव हवा असतो, तेव्हा आम्ही काय करावे, हेही त्यांनी एकदा सांगावे.

---

प्रतिसाद – क्रीडा-फिजिओ, पुणे

मास्तर, पावसाळ्यात मुलांना वेगवान गोलंदाजी करू देऊ नये, एवढेच. चार महिने विनाचेंडू मिळतात हे पुण्याच्या पावसाचे उपकारच आहेत. त्या काळात धावणे आणि व्यायाम करून घ्यावेत, तेही जमत नसेल तर मुलांना निदान फलंदाजी करू द्यावी. स्ट्रेस फ्रॅक्चर असलेल्या मुलाला मात्र तीही डॉक्टरांना विचारूनच.

---

प्रतिसाद – कर्वेनगरकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री सगळे प्रतिसाद मुलाला वाचून दाखवले. पर्थ आणि ब्रिजटाउनपेक्षा त्याने बाहेर जाणाऱ्या चेंडूविषयी अधिक विचारले, कारण त्याचाही तोच चेंडू आहे आणि तो जाईल का, ही त्याची खरी भीती होती. मला ती आजवर कळली नव्हती. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या मोबाइलमधील डिसेंबरमधले एक चित्रीकरण शोधून काढले आणि पुढचा पाय टेकण्याच्या क्षणी थांबवून दोघांनी पाहिले. खांदे आणि कंबर जवळजवळ एकाच रेषेत दिसतात, निदान आमच्या अडाणी डोळ्यांना. मास्तरांना ते पाहायला पाठवू का?

ते शिबिर सोडले. रविवारी क्लबाचा सामना होता, त्यात त्याला धावफलक लिहायला बसवले. घरी आल्यावर वही पाहिली, तर समासात पेन्सिलीने त्याच्याच वयाच्या दुसऱ्या गोलंदाजाची षटके मोजलेली होती. पहिला स्पेल नऊ षटकांचा. त्याखाली रेघ मारून त्याने फक्त ‘७’ लिहिले होते, आणि चहापानाला त्या मुलाला बाजूला घेऊन कंबर दुखते का, असे विचारलेही होते. तो म्हणाला, थोडी दुखते, डाव्या बाजूला.

त्या मुलाच्या वडिलांना फिजिओताईंचा प्रतिसाद पाठवला आहे.